अहो कुणाला आणि अरे कुणाला?

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात, दुपारचं वाचन संपून मंडळी जरा टेकली असताना एक विषय निघाला. काढला तो एका निवृत्त गुरुजींनी. त्यांचं म्हणणं असं, की जो माणूस साहेबापुढं एका सुरात बोलतो, गड्यापुढं दुसऱ्या, घरात तिसऱ्या आणि देवळात चौथ्या, त्याला खरा माणूस कसं म्हणायचं? खरं बोलणारा सगळीकडं सारखाच बोलेल. चार तोंडं ब्रह्मदेवाला शोभतात, आपल्याला नव्हे. मंडळींनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या ओळीतून एक आजी म्हणाल्या, “गुरुजी, आपल्या देवालाच तीन मुखं आहेत की!” सगळे हसले, चहा आला आणि विषय तिथंच राहिला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. छत्तीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. कऱ्हाड, विटा, तासगाव, सांगली आणि शेवटी सातारा अशा बदल्या झाल्या. दिवसाला शंभर-सव्वाशे माणसांशी बोलायचं. एकाशी बोललो तसंच दुसऱ्याशी बोललो असतो तर दुपारच्या आत दहा भांडणं लागली असती. बोलणं बदलणं हे ढोंग असेल तर माझी सगळी नोकरी ढोंगातच गेली म्हणायची. तसं मला वाटत नाही. पण गुरुजींच्या प्रश्नात काहीच तथ्य नाही, असंही नाही. म्हणून या अंकाच्या निमित्तानं जरा सावकाश विचार करून लिहितो आहे.

पहिली गोष्ट अशी, की मराठी माणसाला सगळ्यांशी सारखं बोलणं शक्यच नाही. समोरच्याला ‘तू’ म्हणायचं, ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’, हे ठरवल्याशिवाय ‘कधी आलास’ एवढं साधं वाक्यसुद्धा पुरं होत नाही. इंग्रजीत एका ‘यू’वर भागतं. आपल्याकडं तोंड उघडायच्या आधी मनात मोजमाप होतं. वय काय, नातं काय, मान किती, आणि (हे आपण बोलून दाखवत नाही) जात कुठली, खिसा केवढा. गंमत म्हणजे जी दोन सगळ्यांत मोठी, ती या मोजमापाच्या बाहेरच राहतात. आईला आपण ‘तू’ म्हणतो आणि देवाला ‘तू’ म्हणतो. आरतीला उभं राहून दत्तमहाराजांना कुणी ‘आपण यावे’ म्हणत नाही. मधल्या सगळ्यांसाठी मग दादा, आण्णा, आबा, तात्या, बापू, नाना, आक्का, वहिनी, मावशी अशी फौज आहे. आपल्या सातारा-सांगलीत तर कागदावरचे आमदार आणि मंत्रीसुद्धा नात्यानंच ओळखले गेले. वसंतराव पाटील मुख्यमंत्री झाले तरी वसंतदादाच राहिले. तसेच क्रांतिसिंह नाना, नागनाथअण्णा, राजारामबापू. खेड्यातला माणूस थेट विचारायचा, “दादा, आमच्या पाण्याचं काय झालं?” त्यात त्याचा उद्धटपणा नव्हता आणि दादांचा अपमान नव्हता. नातं लावलं की मान आणि जवळीक दोन्ही एका शब्दात बसतात.

आमच्या पिढीत बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची, नाव घ्यायचं ते उखाण्यात. आता सुना ‘अरे’ म्हणतात आणि काही ज्येष्ठांना ते टोचतं. मला नाही टोचत. तोंडभर ‘अहो’ म्हणवून घेऊन बायकोला स्वतःच्या पासबुकाला हात लावू न देणारे नवरे मी काउंटरवरून पुष्कळ पाहिलेत.

काउंटरचं निघालंच आहे तर तिथलंच सांगतो. थकबाकीची नोटीस निघायची तिची भाषा ठरलेली. ‘आपणांस याद्वारे कळविण्यात येते की’ इथून सुरुवात आणि ‘कायदेशीर कारवाई करण्यात येईल’ इथं शेवट. ती नोटीस घेऊन बागायतदार यायचा, कागद पुढं सरकवायचा आणि म्हणायचा, “हे काय ल्हिवलंय ते सांगा की.” मग सांगायचं, “आण्णा, दोन हप्ते राहिलेत. व्याज चढाय लागलंय. मार्चच्या आत निम्मं तरी भरा, पुढचं बघू.” त्याच कर्जाबद्दल ऑडिटर विचारायचे तेव्हा त्यांच्याशी बोलणं तिसरंच. भाषा तीन झाल्या, पण बाकी पन्नास हजार असेल तर ती नोटिशीत पन्नास हजार, आण्णांपुढं पन्नास हजार आणि ऑडिटरपुढंही पन्नास हजारच. मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला वेदान्त कळत नाही. पण व्हाउचरचा कागद पिवळा असो की गुलाबी, दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे, एवढं कळतं. गुरुजी ज्याला खरेपणा म्हणत होते तो त्या रकमेत असतो. शब्द ज्याच्या-त्याच्या समजुतीप्रमाणं.

आणि ही काही बँकेतल्या माणसानं काढलेली पळवाट नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं सत्य असावं, प्रिय असावं, हिताचं असावं हे त्यात आहेच. पण त्या सगळ्याच्या आधी अट घातली आहे ती ऐकणाऱ्याला उद्वेग होऊ नये अशी. आता उद्वेग कशानं होईल हे ऐकणारा कोण आहे ते बघितल्याशिवाय कसं कळणार? एकच वाक्य एकाला नुसतं माहितीचं असतं आणि दुसऱ्याला डागणी देतं. “तुमची सही जुळत नाही,” हे एखाद्या व्यापाऱ्याला सहज सांगता येतं. हात थरथरतो म्हणून सही बिघडलेल्या, एकेकाळी शाळेचं सगळं दप्तर सांभाळलेल्या हेडमास्तरांना तेच वाक्य सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं तर त्यांना काय वाटेल? त्यांना आत बोलवायचं, खुर्ची द्यायची आणि म्हणायचं, “सर, नवीन सहीचा नमुना घेऊन ठेवू या.” म्हणजे जो सगळ्यांशी सारखंच बोलतो त्याचं हे तप होतच नाही.

आता दुसरी बाजू. एका शाखेत, नाव कशाला घ्या, निराधार योजनेचे पैसे न्यायला म्हाताऱ्या बायका यायच्या. लांबच्या वस्तीवरून पहिल्या एसटीनं आलेल्या. “सायेब, पैसं आल्यात का बघा की,” असं कुणी विचारलं की आतून उत्तर यायचं, “ए म्हातारे, एकदा सांगितलं ना? सोमवारी ये.” तेवढ्यात एखाद्या अडत्याची गाडी दाराशी थांबली की तोच आवाज, “या शेठ, बसा, चहा सांगू?” एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ सोडून दिलं असतं. पण शेठचा चेक वेळ संपल्यावरही घेतला जायचा आणि म्हातारीचा अंगठा जरा पुसट उठला तर दुसऱ्या दिवशीची फेरी. म्हणजे सूर बदलला तशी रक्कमही बदलली. सूर हा पुढं चालणारा चोपदार असतो. ‘ए म्हातारे’ एवढं कानावर पडलं की आता पुढं काय होणार, हे सगळ्या लायनीला कळायचं.

पण कडू बोलणाऱ्याचं निदान कळतं तरी. गोड बोलून बदलणारा जास्त अवघड. आपल्या सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संगीत शारदा’ लिहिलं, ते १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातला लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित आठवून बघा. म्हातारा भुजंगनाथ नवरा व्हायला निघालेला, पैशाला भुललेला कांचनभट पोरगी द्यायला तयार, आणि मधे हा. ज्याला जे ऐकायला आवडेल ते त्याला ऐकवायचं. कुणाशी कसं बोलावं याचं ज्ञान त्याला कमी नव्हतं, उलट सगळ्या नाटकात त्यालाच ते जास्त. आज हा भद्रेश्वर फोनवर येतो. “नमस्कार काका, मी तुमच्या बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी राहिलंय.” आवाज मऊ, तोंडात काका-काकू, आपल्याला कमी ऐकू येतंय असं वाटलं की न चिडता पुन्हा हळूहळू सांगणार. सख्खा पुतण्या इतका धीर धरत नाही. या निमित्तानं ज्येष्ठांना सांगून ठेवतो, बँक कधीही फोनवर ओटीपी विचारत नाही. कुणीही विचारला, कितीही आर्जवानं विचारला, तरी फोन ठेवून द्यायचा.

म्हणजे नुसत्या सुरावरून काही ठरवता येत नाही. मग कशावरून ठरवायचं? मला जे थोडंफार उत्तर सापडलं ते आपल्या एकनाथ महाराजांकडं बघून.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, ते आपण सगळे ऐकत आलोय. त्यांत अग्नी हा एक गुरू आहे. अग्नी ज्या लाकडात शिरतो त्याच्या आकाराचा दिसतो. वाकड्या लाकडात वाकडा, सरळ लाकडात सरळ, शेणीत शेणीएवढा. पण तो स्वतः वाकडा झालेला नसतो. या स्कंधावर नाथांनी मराठीत टीका लिहिली आणि ती पुरी झाली १५७३ मध्ये, तीही काशीत, जिथं संस्कृताशिवाय पान हलत नव्हतं. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तभक्त. आपण रोज म्हणतो ती दत्ताची आरती नाथांचीच. आणि याच नाथांनी भारुडं रचली. भारुडात ते जोशी होऊन बोलतात, गोंधळी होऊन बोलतात, वासुदेव होतात, आणि महार होऊन जोहार घालतात. जोहार म्हणजे काय, हे आपल्यातल्या वयस्कांना सांगायला नको. गावकुसाबाहेरच्या माणसानं गावातल्याला लांबून घालायचा तो नमस्कार. पैठणच्या ब्राह्मण कुळातल्या, वेदान्त सांगणाऱ्या माणसानं तो आपल्या तोंडात घेतला. कुणाची नक्कल करून हसवण्यासाठी घेतला नाही. त्या माणसाच्या जिभेवर जे शब्द होते, त्याच शब्दांत त्याला परमार्थ सांगितला. लाकूड बदललं, अग्नी तोच.

गुरुचरित्राचंही बघा. ते लिहिणारे सरस्वती गंगाधर घरचे कानडी बोलणारे. आपल्याला मराठी येत नाही, हे त्यांनी ग्रंथातच सांगून ठेवलंय. तरी ग्रंथ रचला तो मराठीत, आणि मधे कानडी पदंही ठेवली. जत, मिरज भागातले भक्त वाडीला येतात, त्यांतले कितीतरी जण आपसात कानडी बोलतात आणि सप्ताहाला बसले की ओव्या मराठीत वाचतात. त्यांना कुणी दुतोंडी म्हणत नाही.

इथं लक्षात येतं ते एवढं, की या सगळ्यांत बोलणं बदललं ते ज्याच्याजवळ काही द्यायला होतं त्यानं. ऐकणाऱ्याला आपली जीभ वाकवावी लागली नाही.

याच्या अगदी उलट घडलेली एक गोष्ट आहे आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लहानपण काही वर्षं साताऱ्यात गेलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव घातलं गेलं. त्यानंतरची, १९०१ च्या सुमाराची एक हकिकत त्यांनी पुढं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्यांचे वडील तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर होते. (कॅशियर हा शब्द आला की माझ्यासारख्याचं लक्ष तिथं जातंच.) सुट्टीत वडिलांकडं जायचं म्हणून भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं अशी पोरं नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून आगगाडीनं मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्यामुळं न्यायला कुणी आलं नव्हतं. कपडे बघून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची पोरं वाटली आणि त्यानं आपुलकीनं चौकशी केली. पोरांनी खरी जात सांगितली. तिथून पुढं त्याचं वागणं बदललं.

बैलगाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची. वाटेत रात्र झाली. डबा होता, पाणी नव्हतं. टोलनाक्याजवळ आल्यावर गाडीवानानं सुचवलं, मुसलमान आहोत म्हणून सांगा, म्हणजे पाणी मिळेल. नऊ-दहा वर्षांचा तो मुलगा नाकेदाराकडं गेला आणि त्याच्याशी उर्दूत बोलला. उर्दू त्याला चांगली येत होती. तरीही पाणी मिळालं नाही. जवळ अन्न असून ती पोरं उपाशी झोपली, कारण घास उतरायला पाणी नव्हतं.

मसूर तुमच्या-माझ्या पायाखालचं गाव आहे. कऱ्हाडला असताना वसुलीसाठी त्या भागात मी कितीदा हिंडलोय. आता गुरुजींचं माप इथं लावून बघा. पोरानं भाषा बदलली, जात दुसरी सांगितली, म्हणजे ते खोटं ठरलं. स्टेशनमास्तर खरा, कारण मनात आलं ते त्यानं चेहऱ्यावरसुद्धा लपवलं नाही. आणि नाकेदार तर मनात होतं तेच बोलला, म्हणजे तो सगळ्यांत खरा. ज्या मापानं त्या रात्री नाकेदार खरा ठरतो ते माप मला नको. बोलणं कुणी बदललं, एवढं विचारून भागत नाही. पाण्याचा माठ कुणाच्या दारात होता आणि जीभ कुणाला वाकवावी लागली, हे विचारावं लागतं.

एवढं भयंकर आता घडत नाही, असं आपण म्हणतो. घडत नसेल तर चांगलंच. पण त्याच जातीचं बारीकसारीक रोज घडतं. आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मुलीसुद्धा ‘मी आलो, मी जातो’ असं बोलतात. अशी एखादी मुलगी पुण्याच्या वसतिगृहात गेली की पहिल्याच आठवड्यात तिच्यावर हसणं सुरू होतं. महिन्याभरात ती ‘आले, जाते’ शिकते. शिकली यात वाईट काही नाही, दोन भाषा आल्या म्हणजे दोन विहिरी झाल्या. दिवाळीला घरी आल्यावर आजीनं हाक मारली की पटकन ‘आलो गं’ निघतं, तेव्हा दोन्ही बोली तिच्याच असतात. पण काही मुली घरातही जुनं बोलणं बंद करतात. मैत्रिणी आल्या की आजी माजघरातून बाहेर न आलेली बरी, असं त्यांना वाटू लागतं. त्या मुलींना मी बोल लावणार नाही. पहिल्या आठवड्यात हसलं कोण, ते बघायला पाहिजे. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या दोघा भावांनी याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलंय. थोरल्या गदिमांनी १९५५ मध्ये आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ दिलं, त्यातली भाषा कुठल्याही पंडितानं मान द्यावी अशी. त्याच हातानं त्यांनी तमाशाच्या चित्रपटांना लावण्या दिल्या. धाकट्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’मध्ये आपल्या मातीतली माणसं त्यांच्याच बोलीत पुस्तकात नेऊन बसवली.

इथं एक सावधगिरी सांगायला हवी, नाहीतर माझ्या म्हणण्याचा उलटा अर्थ निघेल. समोरच्याच्या बोलीत बोलायचं म्हणजे त्याचे हेल काढायचे नव्हेत. निवडणुकीच्या दिवसांत शहरातनं आलेले पुढारी आमच्या स्टेजवर चढले की एकदम ‘काय पाव्हणं, लई दिसांनी’ सुरू करतात. लोक हसतात, टाळ्याही देतात, पण फसत नाहीत. आवाज खाली आला, माणूस गाडीतच बसून राहिला, हे त्यांना बरोबर कळतं. काउंटरवरसुद्धा खेडुताच्या ‘व्हय’ला मुद्दाम ‘व्हय’ म्हणणारा कारकून मला कधी आवडला नाही. ती सरळ सरळ थट्टा असते. आण्णांना माझ्या तोंडून ‘व्हय’ ऐकायचं नसतं. ‘मुद्दल’ आणि ‘व्याज’ कळेल अशा शब्दांत, लाज न वाटता ऐकायला मिळालं की त्यांचं काम होतं.

आता जरा आपल्या दारातलं. शेतीवाडी असलेल्या घरांत आपल्या पिढीनं काय पाहिलंय? मालकाचा पाच वर्षांचा मुलगा ‘अहो धाकलं मालक’, आणि सत्तरीचा गडी ‘अरे’. त्या गड्याची बायको ‘ए’. त्याच्या मुलानं शिकून मास्तरकी मिळवली तरी वाड्यात आल्यावर त्याला ‘अरे’च. कुणी मुद्दाम अपमान करावा म्हणून नव्हे, तोंडाला वळणच तसं. आता गडी राहिले नाहीत, रोजगारी माणसं फोन केल्याशिवाय येत नाहीत, पण वळण राहिलंय. रिक्षावाला, भाजीवाली, सोसायटीचा रखवालदार, देवळाबाहेर चपला सांभाळणारे आजोबा. पंचाहत्तरीच्या त्या आजोबांना पंचविशीतली पोरं ‘ए, टोकन दे’ म्हणतात, आणि आत जाऊन गाभाऱ्यापुढं डोळे मिटतात. साहेबाला आपण ‘अहो’ म्हणतो त्याचे पैसे बढतीत, सहीत, कामात कुठं ना कुठं वसूल होतात. चपलावाल्या आजोबांकडून काय वसूल होणार? म्हणून तिथं ‘अहो’ निघतो की नाही, याकडं मी अलीकडं फार लक्ष देतो. दुसऱ्यांच्याही आणि स्वतःच्याही.

गुरुचरित्रात सात रेघांची कथा आहे. वेदांचा गर्व घेऊन, जयपत्रं मिरवत दोन ब्राह्मण गाणगापूरला आले, वाद घाला म्हणाले. गुरूंनी लांबून जाणाऱ्या, गावानं हीन ठरवलेल्या एका माणसाला बोलावून घेतलं. जमिनीवर सात रेघा काढायला लावल्या आणि त्याला एकेक ओलांडायला सांगितली. प्रत्येक रेघेगणिक त्याची ओळख बदलत गेली आणि सातवी ओलांडल्यावर तो वेद बोलू लागला. त्या दोघांची बोलती बंद झाली. पूर्वजन्म, कर्म हा त्या कथेतला भाग जाणत्यांनी सांगावा, माझा तो अधिकार नाही. मी वाचताना दर वेळी एवढ्यावरच थबकतो, की गळा तोच होता. जो माणूस पहिल्या रेघेअलीकडं उभा राहून दबकत बोलला, त्याच्याच तोंडून सातव्या रेघेपलीकडं वेद आला. मधे बदललं ते फक्त तो कुठं उभा आहे ते. आणि त्याला रेघ ओलांडून ये म्हणणारे खुद्द गुरू होते.

नृसिंह सरस्वतींच्या स्वतःच्या लहानपणाची गोष्टही वाणीचीच आहे. कारंज्यात जन्म झाला तो ॐकार म्हणत, आणि मुंज होईपर्यंत त्यापलीकडं शब्द नाही. आईबापांना काळजी, की मुक्या मुलाची मुंज कशी करायची. मुंजीत आईनं पहिली भिक्षा घातली तेव्हा मुखातून ऋग्वेद आला, दुसरीला यजुर्वेद, तिसरीला सामवेद. आता त्या भिक्षेच्या शब्दांकडं बघा. बटू आईपुढं झोळी धरतो तेव्हा त्याचा पहिला शब्द असतो ‘भवति’. संस्कृतात बाईला आदरानं ‘आपण’ म्हणायचा तो शब्द. सकाळपर्यंत जिच्या पदराला तोंड पुसत होता तिला एकदम ‘आपण’! मुलाला जगात पाठवताना पहिला धडा दिलाय तो आदरानं मागायचा. आणि देणारी आई तिथं चढ्या आवाजात विचारत नाही, की कोण रे तू, कुठून आलास, सोमवारी ये. ती वाकून झोळीत घालते. गाणगापूरला दुपारी माधुकरी मागायला निघालेली माणसं बघा. त्यांत पेन्शनर असतात, एकेकाळी ज्यांच्या सहीसाठी लोक ताटकळले असे साहेबही असतात. झोळी खांद्याला लावून पायरीखाली उभं राहायचं आणि आतल्या बाईला, मग ती कुणीही असो, भवति म्हणायचं.

या वैशाखात आमच्या नातवाची मुंज झाली. आदल्या रात्री मी त्याला हे सगळं समजावून सांगत बसलो होतो. आठ वर्षांचं पोर, त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आजोबा, म्हणजे उद्यापासनं आईला अहो म्हणायचं?” आमची सूनबाई आत कणीक मळत होती. तिथूनच म्हणाली, “भिक्षा मागताना म्हण. चपाती मागताना ए आईच म्हण.”